घड एकदम पिकतो तेव्हा

मोखाड्याला आत्याच्या घरामागे, मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरायचं, तिथं केळीचं एक बेट होतं. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की चार महिने कपडे वाळत नाहीत, पण ते सगळं पाणी उतारावरून धावत खाली निघून जातं आणि होळीच्या सुमाराला बायका हंडे घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात. केळीला तर बारा महिने ओल हवी. म्हणून जव्हार-मोखाड्यात केळीच्या बागा नव्हत्या. ज्याच्या मोरीला पाणी, त्याच्या परसात केळ. अंघोळीचं, भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं पाणी पिऊन आत्याची ती चार-पाच झाडं अशी माजायची की रस्त्यावरून जाणारा माणूस मान वळवून बघायचा.

घडातलं वरच्या फणीचं एखादं केळं पिवळसर दिसलं की आत्या कोयता घेऊन बाहेर पडे. घड पडवीत तुळईला सुंभानं टांगला जाई. पहिले दोन-तीन दिवस काहीच घडत नसे. आम्ही मुलं तिकडे गेलेलो असलो की दाबून दाबून बघायचो आणि त्याबद्दल धपाटे खायचो. मग एका सकाळी पडवीत वास सुटलेला असे आणि वरची फणी पिवळी. दुसऱ्या दिवशी खालची, तिसऱ्या दिवशी सगळा घड. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्यानं शेजारचं फळही पिकायला लागतं, हे मला पुढे कॉलेजात कळलं. आत्या एवढंच म्हणायची, "एकाला बघून दुसरं पिकतं."

आता शंभर-सव्वाशे केळी चार दिवसांत संपवायची म्हणजे घरातल्या सहा माणसांचं काम नव्हे. मग परातीच्या पराती बाहेर पडायच्या. समोरच्या कंपाउंडरांकडे, जंगल खात्याच्या चाळीत, मोळी घेऊन येणाऱ्या बाईच्या ओट्यात. हे काही औदार्य नव्हतं. घड थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्याशी आत्याचं वाकडं होतं त्यांच्याकडेसुद्धा एक फणी जायची, कारण ती न गेली तर पडवीत चिलटं होणार.

एक भला मोठा वाटा आमच्याकडे जव्हारला यायचा. एसटीच्या टपावर किंवा कंडक्टरच्या ओळखीनं त्याच्या सीटमागे, गोणपाटात गुंडाळून. मोखाडा ते जव्हार अंतर फार नाही, पण त्या वेळच्या रस्त्यानं येताना केळ्यांचं काय व्हायचं ते स्टँडवर गोणपाट उघडल्यावर दिसे. वडील शाळामास्तर. ते गोणपाट सायकलला अडकवून घरी आणायचे तेव्हा मागून मुंग्यांची रांग लागते की काय असं मला वाटायचं. पिवळी केळी आत्याकडे संपलेली असत. आमच्या वाट्याला यायची ती ठिपक्यांची, चेपलेली, काळी.

म्हणजे काळं केळं हे माझ्या लहानपणी वाया जाणारं केळं नव्हतंच. आमच्याकडे केळं म्हणजे काळंच. पिवळं केळं सत्यनारायणाच्या चौरंगाला, नाहीतर तापातून उठलेल्या माणसाला.

आईकडे त्याची उत्तरं ठरलेली होती. पहिल्या दिवशी शिकरण. दुसऱ्या दिवशी गुलगुले. आणि केळी इतकी मऊ झाली की साल धरल्यावर आतला गर आपणहून ताटात पडावा, अशी झाली की पानगी. तांदळाचं पीठ, कुस्करलेलं केळं, गुळाचा खडा, मिठाची कणी, असं सरसरीत कालवायचं. केळीच्या पानाच्या तुकड्याला तेलाचं बोट लावायचं, त्यावर ते पातळ पसरायचं, वरून दुसरं पान, आणि तव्यावर. पान आधी गडद हिरवं होतं, मग तपकिरी, मग कडेला करपतं. तो करपल्याचा वास आला की उलटायचं. वरचं पान सोलून काढलं की पानाच्या शिरा पानगीवर उमटलेल्या असायच्या. आजीच्या मते ज्या पानगीवर शिरा उमटल्या नाहीत ती बिघडली. चवीशी याचा काही संबंध नव्हता, पण आम्ही पहिल्यांदा शिराच बघायचो.

केक आमच्याकडे आला तो १९७८ साली. मी अकरा वर्षांची. बेकरीतला केक आम्हाला माहीत होता, कागदी वाटीतला पिवळा, खाताना टाळूला चिकटणारा. घरी करण्याची वस्तू ती नव्हे, अशी समजूत. पण आईनं कुठल्याशा मासिकातलं कात्रण जपून ठेवलं होतं. त्यात अंड्याऐवजी पिकलं केळं घालता येतं, असं लिहिलेलं होतं. इथंच सगळी मेख होती. अंडं आमच्या स्वयंपाकघरात शिरणं शक्य नव्हतं, आजी होती. केळ्याला आजीची हरकत असायचं कारण नव्हतं, ते देवालाही चालतं. केळ्याच्या चिकट गरानं पीठ बांधून धरलं जातं आणि सोडा त्याला फुगवतो, एवढ्यावर तो केक उभा होता.

भट्टी म्हणजे जाड बुडाचं पितळी पातेलं. त्यात चार बोटं वाळू. वाळू शाळेच्या नव्या खोलीसाठी टाकलेल्या ढिगातून मी आणि भावानं फ्रॉकच्या ओच्यात आणि टोपीत भरून आणलेली, आईनं ती चाळून, धुऊन, वाळवून घेतलेली. वाळूवर स्टीलचा डबा, पातेल्यावर परात, परातीत निखारे. वर आणि खाली दोन्हीकडून आच. ही युक्ती काही त्या कात्रणातली नव्हती. कोकणात काकडीचं धोंडस असंच भाजतात, आणि आईचं माहेर तिकडचं. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी जो विलायती पदार्थ झाला तो निम्मा धोंडसच होता. नाव तेवढं केक.

केक झाला की नाही हे बघायला खराट्याची हीर धुऊन घेतली होती. हीर टोचली, ओली निघाली. पुन्हा टोचली, ओली. तिसऱ्यांदा आजीनं टोचली, तेव्हा कोरडी निघाली. यावर आजीनं पुढची दहा वर्षं गुण सांगितला. वरून केक तपकिरी, खालून काळा, मधोमध खचलेला. डालडा आणि केळं यांचा एक मिश्र वास. वडिलांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "चांगला झालाय शिरा." तो शिरा आम्ही वाड्यातल्या सात बिऱ्हाडांत वाटला, म्हणजे प्रत्येकी दोन बोटांएवढा तुकडा. जयविलास राजवाड्यात असा केक रोज होत असेल, अशी माझी आणि भावाची खात्री होती. संस्थान विलीन होऊन तीस वर्षं झाली होती, मुकण्यांच्या राजवाड्याच्या कमानी आम्ही फक्त लांबून पाहिलेल्या. पण जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टी तिथं रोज होतात, असं जव्हारच्या मुलांनी धरून चालायची पद्धत होती.

हे सगळं सांगताना मला एक गोष्ट टोचते, ती सांगून टाकते. आम्ही मास्तरांच्या घरचे. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला. आमच्याकडे केळी काळी पडत होती तेव्हा डोंगराआडच्या पाड्यांवर भाद्रपदात कणगीचा तळ दिसायचा. जुनी नागली संपलेली, नवी अजून शेतात. लोक कंद खणून, ते रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढून खायचे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली आणि आमच्या गावाचं नाव देशभर गेलं. मी तेव्हा ठाण्यात, लग्न होऊन चार वर्षं झालेली. शेजारणीनं पेपर पुढे करून विचारलं, "हे तुमचंच जव्हार ना?" मी हो म्हटलं. आत्याच्या घडाची गोष्ट मी तिला आधीच सांगून ठेवली होती, त्याची मला लाज वाटली.

डोंगरातल्या माणसाचं केळं वेगळंच होतं. त्याला कवदर म्हणा, चवई म्हणा. पहिला पाऊस पडला की सुळक्यांच्या फटींतून, जिथं शेळीही चढणार नाही अशा जागी, ही रानकेळ वर येते. पावसाळा संपला की पानं झडून जातात आणि जमिनीतला गड्डा पुढच्या पावसाची वाट बघत बसतो. बागेतल्या केळीसारखी तिला बाजूनं पिल्लं फुटत नाहीत. काही वर्षं अशी येऊन-जाऊन एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिच्या फळात गर नावाला, बाकी वाटाण्याएवढ्या काळ्या कडक बिया. भाजी करायची तिच्या कमळाची आणि आतल्या कोवळ्या गाभ्याची. आम्ही त्या बियांनी गजगे खेळल्यासारखे खेळायचो. त्या केळ्याचा केक होत नाही. त्याची ओढही कुणाला नव्हती. ते पोटासाठी होतं.

जास्त पिकलेल्या केळ्याचं सोनं करणारे लोक मला भेटले ते वसईकडे. वडील परीक्षेच्या कामाला तिकडे जायचे आणि येताना आगाशीची सुकेळी आणायचे. राजेळी केळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची, उन्हात दिवसेंदिवस वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानात बांधायची. मधासारखी तपकिरी, चिवट. एक केळं चघळत जव्हारच्या बाजारपेठेतून घरापर्यंत पोचता येई. तिथं दमट समुद्रवारा असूनही ते जमवतात. आमच्याकडे आईनं एकदा प्रयत्न केला होता, बहुधा चुकीच्या जातीवर. माश्यांनी उद्घाटन केलं.

ठाण्याच्या संसारात माझ्याकडे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्या खिडकीतून केक फुगताना दिसायचा. घरातली सगळी माणसं सिनेमा बघावा तशी त्याभोवती बसायची. पुढे भारनियमनाचे दिवस आले आणि सिनेमा मध्येच बंद पडायला लागला. अर्धा फुगलेला केक वीज गेल्यावर कसा हळूहळू बसतो हे ज्यानं खिडकीतून पाहिलंय त्याला दुसऱ्या कशाचं दुःख सांगू नये. मी तेव्हाही काळ्या केळ्यांचाच केक करायची, पण ठाण्यात केळी काळी होतात ती डझनातली उरलेली दोन. त्या दोन केळ्यांचा जीव केवढा! शेजारी पाठवायला काही उरायचंच नाही.

आता मी पुन्हा जव्हारला राहते. भावाची मुलगी, माझी भाची, घरून केक करून विकते. तिच्याकडे ओटीजी आहे, वजनकाटा आहे, बटरपेपर आहे, आणि फोनवर फोटोंचा भला मोठा साठा. पाड्यापाड्यावर आता वाढदिवसाला केक लागतो. मोटारसायकलवर मागे बसलेला पोरगा दोन्ही हातांत केकचा खोका सावरत, खड्डा आला की श्वास रोखत चाललेला मी दर रविवारी बघते. त्या खोक्यात असतो तो क्रीमचा केक, वर नाव लिहिलेला. केळ्याच्या केकला गिऱ्हाईक नाही. "आत्या, तो दिसायला मातीसारखा," भाची सांगते. "फोटोत काही येत नाही." म्हणून केळ्याचा केक फक्त घरच्यासाठी, महिन्यातून दोनदा.

गंमत अशी की त्यासाठी आता केळी मुद्दाम काळी होऊ द्यावी लागतात. पिवळी आणायची, टोपलीत झाकून ठेवायची, सोबत एखादं सफरचंद ठेवायचं म्हणजे लवकर पिकतात, आणि रोज उघडून बघायचं. आम्ही ज्याच्यापुढे हात टेकायचो त्याची ही पोरगी वाट बघत बसते! एकदा घाई होती म्हणून तिनं डझनभर केळी फ्रिजमध्ये टाकली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळीकुट्ट. ती खूश. केक मात्र झाला पिठूळ, बेचव. थंडीनं केळ्याची साल काळी पडते, आत पिकण्याचं काम तिथंच थांबतं. साल बघून फसलो आम्ही. हिरव्या केळ्यात पिठाचा अंश भरपूर असतो. पिकता पिकता त्याची साखर होते, आणि ठिपके वाढत जातात तोवर पीठ जवळजवळ संपलेलं असतं. त्यासाठी उबेत चार दिवस द्यावे लागतात. त्याला फाटा नाही.

तिच्या केकात निम्म्याला थोडं कमी नागलीचं पीठ असतं. नुसत्या नागलीचा करून पाहिला, तो सुरी लावताच भुगा झाला, कारण नागलीत गव्हासारखा चिकटपणा नाही. आता दीड वाटी कणीक, वाटीभर नागली, चार काळी केळी, पाऊण वाटी गूळ, तेल, चमचाभर दही आणि सपाट चमचा सोडा. सोड्याला दह्याची नि केळ्याची आंबट बाजू मिळते तेव्हा तो फसफसतो. जास्त पडला तर साबणाची चव येते, हेही शिकून झालंय. १७० अंशांवर पाऊण तास, वर पाच मिनिटं. वर गर्द तपकिरी कवच, आत ओलसर, नागलीचा किंचित मातकट वास. खरं सांगायचं तर आईच्या त्या खचलेल्या केकपेक्षा हा दसपटीनं चांगला आहे. स्मृतींच्या नादी लागून चवीबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही.

नागलीचं मात्र हसू येतं. ठाण्याचे पाहुणे आले की आई नागलीची भाकरी फडक्याखाली सरकवायची आणि घाईघाईनं पोळ्या लाटायची. आता तेच पाहुणे, म्हणजे त्यांची मुलं, हनुमान पॉइंट आणि दाभोसाचा धबधबा बघायला येतात आणि हॉटेलात नागलीची भाकरी आहे का विचारतात. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून भाचीच्या नागलीच्या केकला निदान पाहुण्यांकडून विचारणा होते.

चव बदलली याचं मला काही वाटत नाही. बदललंय ते वेगळंच. घड टिकत नव्हता म्हणून तो वाटावा लागायचा. केक टिकतो. डब्यात घालून झाकण लावलं की चार दिवस आपला आपल्याला पुरतो, फ्रिजमध्ये आठवडाभर. काप मोजून खाता येतात. परात घेऊन समोरच्या घरी जायची वेळच येत नाही, आणि समोरचं घरही तसं बंदच असतं. आत्याचं ज्यांच्याशी वाकडं होतं त्यांच्याशी तिचं बोलणं दर घडाला एकदा तरी व्हायचं. "घ्या, पिकलीत फार." एवढंच, पण व्हायचं.

मोखाड्याकडच्या एका पाड्यावर माझ्या बालमैत्रिणीची सून अंगणवाडी सेविका आहे. ती परवा आली होती. अमृत आहार योजना २०१५मध्ये सुरू झाली, आधी गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं जेवण, मग पुढच्या वर्षी सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं. "अंड्याचं बरं, मावशी," ती म्हणाली, "ते टिकतं. केळ्याचं गणित अवघड. हिरवट बघून आणायची. पिवळीधमक आणली तर दोन दिवसांनी काळी, आणि काळं केळं पोरं घेत नाहीत. परत देतात. 'बाई, हे खराब झालंय,' म्हणतात."

मी विचारलं, "परत देतात?"

"हो तर. नाक मुरडून."

कुपोषण सरलं असं कुणी म्हणू नये. २०१६च्या पावसाळ्यात मोखाडा पुन्हा बातम्यांत होता आणि पाऊस लागला की आजही जीव धास्तावतो. तरी त्या पाड्यावरचं एक पोर केळ्यावरचा डाग बघून नाक मुरडतंय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आजी असती तर त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. तिला मात्र पानगी सांगितली, नागलीच्या पिठाची. परसात केळ आहे, पानांना तोटा नाही. ती म्हणाली, घरी करून बघते, पोरांच्या ताटात काय वाढायचं ते वरून ठरलेलं असतं.

आत्याचं बेट आता नाही. मोरीचं पाणी सिमेंटच्या गटारात जातं. म्हणून केळी बाजारातून. आमच्या फळवाल्याकडे पूर्वी काळी पडलेली केळी गाडीखाली टोपलीत असायची, येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्यांसाठी. मी परत आले त्या वर्षी त्यानं ती मला फुकट दिली होती, वर विचारलंही होतं, "बकरी पाळलीय का, बाई?" केकसाठी म्हटल्यावर तो हसला होता. २०२०च्या टाळेबंदीत एसटी बंद, बेकरी बंद, मुंबईची पोरं घरी येऊन बसलेली, तेव्हा गल्लीगल्लीत कुकरची शिट्टी काढून केक भाजले गेले आणि त्याचं हसणं थांबलं. पुढच्या वर्षी काळी केळी निम्म्या भावात. यंदा दहा रुपये कमी, बस.

काल संध्याकाळी गेले. गाडीखालची टोपली रिकामी.

"काळी संपली, बाई. सकाळीच एक ताई घेऊन गेल्या सगळी." त्यानं वरच्या फणीवर हात ठेवला. "पिवळी देऊ? नाहीतर परवा या. ही होतीलच तोवर."